नाव सोडून सगळं

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत बसले होते. "बाई, नाताळ अंकासाठी तुमची साक्ष हवी," म्हणाले. "एकतीस वर्षं बारामती-इंदापूर भागात फिरलात, काहीतरी अंगावर काटा येईल असं लिहा." साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगणं, आणि तिचं नाव काढलं की मी सावध होते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष सांगणाऱ्याचा जुना आजार दर वर्षी थोडा वाढतो आणि चमत्कारही त्या मानानं मोठा होतो. मी म्हटलं, चमत्कार नाही माझ्याकडे, एक चूक आहे, ती चालेल का?  ते म्हणाले, "शेवट चांगला आहे ना?" बघू म्हटलं आणि फोन ठेवला.

बायबलबाई म्हणजे काय, हे आता आमच्या तरुण मुलांनाही सांगावं लागतं. पाळक देवळात उपदेश करतात, बाप्तिस्मा देतात, लग्नं लावतात. बायबलबाई घरोघरी जाते. बायकांजवळ चुलीपाशी बसते, म्हातारीला शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवते, बाळंतिणीची विचारपूस करते, कुणाला दवाखान्यात जायचं असेल तर सोबत जाते आणि निघताना प्रार्थना करते. मी एकतीस वर्षांत एकालाही बाप्तिस्मा दिला नाही, तो माझा अधिकारच नव्हे. पण हे गावातल्या माणसाला कोण सांगणार? सुती साडी, खांद्याला पिशवी आणि कपाळ मोकळं दिसलं की माणसं ओटा सोडून आत जायची.

संशयाची मला सवय होती. इंदापूरकडच्या एका वस्तीवर एक तात्या मला दर खेपेला अडवायचे आणि पिशवी उघडायला लावायचे. पिशवीत काय, तर चष्मा, शास्त्र, गीतांचं पुस्तक, भाजलेले शेंगदाणे आणि पाण्याची बाटली. त्यांचा सगळा रोख बाटलीवर. "ह्यात काय हाय?" "पाणी." "कसलं पाणी?" "नळाचं, तात्या." "मग तुमी प्या आदी." मी प्यायचे, ते घोट मोजत उभे राहायचे आणि मग वाट सोडायचे. हे दोन उन्हाळे चाललं. तिसऱ्या उन्हाळ्यात एकदा त्यांनी नुसताच हात पुढे केला, बाटली घेतली आणि अर्धी रिकामी करून म्हणाले, "ऊन लई हाय आज." तो माझ्या नोकरीतला मोठा विजय, पण अहवालात लिहिण्यासारखा नव्हता.

खरं सांगायचं तर संशयात मीही कुणाला हार जाणारी नव्हे. विश्वासाचा उपदेश करून पोट भरलं, पण स्वभाव पोलिसाचा. पहिल्याच भेटीत जो घळाघळा रडतो आणि 'प्रभू, प्रभू' करतो, त्याला काय हवंय हे मी चहा व्हायच्या आत ओळखते. बहुतेक वेळा मुलाला मिशनच्या शाळेत प्रवेश हवा असतो. आमचे यजमान एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, ते म्हणायचे, "बाहेर विश्वासावर प्रवचन आणि घरात सीआयडी." मी हसण्यावारी न्यायचे. तेव्हा हसले, पुढे फार हसता आलं नाही.

आता चुकीकडे येते. त्या मुलीला मी शोभा म्हणते. ते तिचं नाव नाही. गाव माळेगाव लिहिते, तिथं चौकशीला जाऊ नका. असं का करते ते पुढे कळेलच.

शोभाच्या सासरी ऊस, दोन म्हशी, नवरा कारखान्यात कामाला आणि घरावर सासऱ्यांचा, आबांचा अंमल. मला त्या घरात शिरकाव मिळाला तो शास्त्रामुळे नव्हे, बी.पी.च्या मशीनमुळे. आम्हा बायबलबायांना मिशनच्या दवाखान्यात थोडं शिकवलेलं असायचं. माझं मशीन जुनं, तबकडीचं. दंडाला पट्टा गुंडाळायचा, पंप मारायचा आणि कानात नळ्या घालून ठोका ऐकायचा. पट्ट्याची शिवण उसवली होती, ती मी हिरव्या दोऱ्यानं घातली होती. आबांच्या बायकोला रक्तदाबाचा त्रास. दर मंगळवारी मी बी.पी. बघायचे. आबा ओट्यावरून सांगायचे, "बाई, मशीन आत न्या, पुस्तक भाईर ठिवा." मी पुस्तक ओट्यावर ठेवायचे. जाताना उचलायचे तेव्हा ते जिथं ठेवलं तिथंच असायचं, फक्त पानातली खूण हललेली असायची. आबा वाचत होते की काही लपवलंय का ते बघत होते, हे मला आजही माहीत नाही.

शोभा शेजारी बसून सगळं निरखायची. एकदा म्हणाली, "बाई, मला ऐकू द्या की." नळ्या कानात घातल्या आणि तिचा चेहरा एकदम बदलला. "व्हय, वाजतंय!" महिन्याभरात ती माझ्याइतकं अचूक सांगू लागली. मग एका मंगळवारी गोठ्यात मला गाठून म्हणाली, "बाई, मी बारावी पास हाय. मला नर्सचं शिकायचंय. घरात अजून कुणालाच ठावं न्हाय, ह्यांनाबी न्हाय. आदी नंबर लागू दे, मग मी सोता आबांना सांगंन." फॉर्म आणि त्याची माहिती मी माझ्या मुलीकडून, करुणाकडून आणून दिली. करुणा इंदापूरला एका दवाखान्यात नर्स आहे, आम्ही बारामतीजवळ जळोचीत राहतो, तिथून ती रोज जाऊन-येऊन करते. करुणानं शोभाला सगळं फोनवर समजावलं. शाळा सोडल्याचा दाखला तेवढा शोभानं माहेराहून आणून पिठाच्या डब्यामागे ठेवला होता. फॉर्म भरायला आठ-दहा दिवस होते. "तुमी फकस्त प्रार्थना करा, बाई," शोभा म्हणाली. ती ख्रिस्ती नव्हे. पण तिनं प्रार्थना मागितली आणि मी ती केली.

इथे बाहेरच्या वाचकाला आमची एक रीत सांगायला हवी. शुक्रवारी दुपारी आमच्या घरी बायकांची प्रार्थनासभा भरते. आधी 'प्रार्थनेचे विषय' मांडतात, म्हणजे कुणाचं ऑपरेशन, कुणाची सोयरीक, कुणाची परीक्षा. मग एकेक बाई डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करते. देवाला सगळं ठाऊक असतं असं आम्ही मानतो, तरी त्याला सविस्तर सांगतो. बसलेल्या बायका मध्ये मध्ये 'आमेन' म्हणतात, आणि जितकं सविस्तर तितका आमेनला जोर. सभा संपली की विषय मोबाइलवरच्या प्रार्थना साखळीत जातात. एकीनं दुसरीला पाठवायचं, दुसरीनं तिसरीला. कुणाच्याही मनात वाईट नसतं. प्रत्येक बाई लिहिते, 'कुणाला सांगू नका, फक्त प्रार्थना करा.'

पुढच्या मंगळवारी मी माळेगावला गेले तर आबा ओट्यावर उभे. हातात माझं पुस्तक नव्हे, एक कागद होता, घडी घातलेला. शोभाचा दाखला.

"बाई, आजपासून बीपी आमी बारामतीला बघू."

"आबा, झालं काय?"

"मला इचारता व्हय? पोरीला आदी होस्टेलात न्यायचं, मग गळ्यात क्रूस. पुस्तक भाईर ठिवायला लावलं तर तुमी मशीनमधनं आत शिरला. आमाला काय कळत न्हाय?"

आत शोभा दिसली नाही. तिच्या सासूचा दंड त्या दिवशी उघडाच राहिला. मी पिशवी उचलली आणि एस.टी.च्या थांब्यापर्यंत कशी चालत आले ते मला आठवत नाही. एकच विचार: फोडलं कुणी?

तिथून माझी चौकशी सुरू झाली. पहिला संशय लेआबाईंवर. त्या माझ्या जोडीच्या बायबलबाई, बावीस वर्षं आम्ही एका बाकावर बसून डबा खाल्लेला. पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझं ठाम मत. मी त्यांना सरळ विचारलं नाही, आडून विचारलं, ते जास्त वाईट. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "मला कुठली शोभा? मला तर नावसुद्धा माहीत नाही." मी मनात म्हटलं, बघा, किती सफाईनं सांगतात. मग संशय शोभाच्या माहेरावर, मग गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्यावर. शेवटी करुणावर. फॉर्मचं तिलाच माहीत होतं ना!

"तू दवाखान्यात कुणाजवळ बोललीस का?" मी तिला विचारलं. ती ड्यूटीवरून येऊन पाय धूत होती. तिनं नळ बंद केला.

"आई, मागच्या शुक्रवारी मी चहा टाकत होते तेव्हा प्रार्थना कोण करत होतं?"

"मी. पण मी नाव घेतलं नाही! एकदाही घेतलं नाही."

"नाव नाही घेतलंस. 'प्रभू, माळेगावची तुझी एक लेक, जिला दोन मुली आहेत, जिचा नवरा कारखान्यात आहे, जिच्या सासूला बी.पी. आहे, जिनं सासऱ्यांना न सांगता नर्सिंगचा फॉर्म आणलाय, तो भरेपर्यंत तिच्या सासऱ्यांचे डोळे झाक.' देवाला फक्त पिनकोड द्यायचा राहिला होता."

 काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पुढचा माग लागायला वेळ लागला नाही. सभेतल्या एकीनं साखळीत टाकलं, साखळीतली एक माळेगावजवळ राहणारी, तिनं कळकळीनं आपल्या शेजारणीला सांगितलं की अशा अशा सुनेसाठी प्रार्थना चालू आहे. शेजारणीचा नवरा आबांबरोबर रोज पारावर बसणारा. सगळ्यांनी प्रार्थनाच केली होती. करुणा म्हणाली, "माझ्या बारावीच्या वेळीही असंच केलं होतंस. मला दोन विषयांत कमी मार्क पडले हे मी वर्गात सांगायच्या आधी दौंडपर्यंत गेलं होतं. मी तुझी मुलगी आहे की प्रार्थनेचा विषय?"



फॉर्मची मुदत गेली. पंधरा-वीस दिवसांनी बारामतीच्या आठवडी बाजारात शोभा भेटली, मेथीच्या जुड्या निवडत होती. सासू चार पावलांवर होती. मी जवळ गेले, म्हटलं, "शोभा, माझं चुकलं." ती मान वर न करता म्हणाली, "दाखला आबांच्या कपाटात हाय आन् किल्ली करदोट्याला." मग एक जुडी पिशवीत टाकली आणि विचारलं, "बाई, तुमी देवाला सांगितलं का गावाला?"

ती चिडून बोलली असती तर मला सोसलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यानंतर मी शुक्रवारी मोठ्यानं प्रार्थना करणं सोडलं. पाळी आली की डोळे मिटून गप्प बसायचे. दोन मिनिटांनी आमेन. आधी बायकांना वाटलं घसा बसलाय, एकीनं ज्येष्ठमध आणून दिलं. मग कुजबुज सुरू झाली की बाईंचा विश्वास थंड पडला. पाळकसाहेब भेटायला आले, त्यांनी माझ्यासाठी मोठ्यानं आणि सविस्तर प्रार्थना केली, आणि रविवारपर्यंत ती इंदापूरच्या मंडळीतही पोहोचली होती. मला हसूही आलं आणि लाजही वाटली. आपलीच रीत आपल्यावर उलटल्याशिवाय तिचा काच कळत नाही.

पण माणसाचा स्वभाव ज्येष्ठमधानं जात नाही. त्याच सुमारास माझं बी.पी.चं मशीन कपाटातून नाहीसं झालं. मी निवृत्तीला आले होते, मशीन रोज लागत नव्हतं, त्यामुळे कधी गेलं तेही कळलं नाही. लेआबाई मागच्याच आठवड्यात घरी येऊन गेल्या होत्या. मी त्यांना फोनवर म्हटलं, "मशीन चुकून तुमच्या पिशवीत आलं का?"  त्या एवढंच म्हणाल्या, "बावीस वर्षांत तुमचा चमचा तरी माझ्या घरी आलाय का, बाई?" त्यानंतर त्या शुक्रवारी यायच्या बंद झाल्या.

दुसरा संशय करुणाचा. फोन आला की ती गच्चीवर जायची. मी जिन्याखाली उभी राहिले तर आवाज बारीक करायची. सुट्टीच्या दिवशी बाजाराला जाते म्हणून जायची आणि कोथिंबिरीची एक जुडी घेऊन तीन तासांनी यायची. मी यजमानांना म्हटलं, "हिचं काहीतरी चाललंय. मुलगा कोण, कुठला, काही विचारा." ते म्हणाले, "तीस वर्षांची आहे ती. तिचं काही चालत असेल तर मी नारळ वाढवीन." मी तिची पर्स बघितली. हे लिहायला मला जड जातं, पण बघितली. एस.टी.ची दोन तिकिटं आणि डोकेदुखीच्या गोळ्या निघाल्या. मी पर्स परत ठेवत होते तेव्हा ती दारात उभी होती.  आठवडाभर बोलली नाही.

असं वर्ष गेलं. मी निवृत्त झाले. एका रविवारी उपासनेहून येऊन मी कुकर लावत होते, तर फाटकाशी मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवरून आबा उतरले. डोक्याला पागोटं, कडक इस्त्रीचं धोतर, हातात कापडी पिशवी.  पुढे मोटारसायकल धरून शोभाचा नवरा उभा, तोही गंभीर. यजमानांनी खुर्ची दिली. आबा बसले नाहीत. त्यांनी पिशवीतून माझं मशीन काढलं. पट्ट्यावर हिरवा दोरा.

"हे तुमचंच नव्हं?"

"माझंच. पण तुमच्याकडे कसं?"

"सुनंनं बाजारातनं आणलं म्हणून सांगितलं. रोज तिच्या सासूचं बघायची, मग माझंबी बघाय लागली. मी म्हटलं, हिला काय कळतंय, कायबी आकडा सांगत आसंल. म्हणून एक दिवस घरी बघितलं की तसाच बारामतीला डाक्टरकडं गेलो. जुळला. म्हटलं, येखांद्या वेळंस जुळतं. आठ दिवसांनी परत गेलो. जुळला. तिसऱ्यांदा दुसऱ्या डाक्टरकडं गेलो, वळख न सांगता."

"मग?"

"दोन आकडं हिकडं-तिकडं. डाक्टर म्हणला, मशीनपरीस हात चांगला हाय सुनंचा." आबांनी पागोटं सारखं केलं. "मग कपाट उघडलं. दाखला मी सोता घेऊन गेलो, बाई. पोरगी आता शिकायला जाती, सांजच्याला घरी येती. तिला तिचं नवं मशीन मिळालं. म्हणाली, हे ज्याचं त्याला दिवून या, आन् तुमीच जावा."

मी हात जोडले. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"एक सांगतो, राग मानू नका. तुमच्यावर इस्वास आमी तवाबी ठिवला न्हाय आन् आताबी ठिवत न्हाय. मशीनवर ठिवला."

मी म्हटलं, "आबा, तेवढा पुष्कळ आहे." ते पहिल्यांदाच हसले आणि खुर्चीवर बसले. चहा घेतला. कपातला पहिला घोट घ्यायच्या आधी माझ्या कपाकडे बघितलं, मी प्याले, मग तेही प्याले.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात आले. करुणा कांदा चिरत होती, फारच बारीक. गच्चीवरचे फोन, बाजाराचे तीन तास, एस.टी.ची तिकिटं, कपाटातलं मशीन, सगळं एकदम माझ्यासमोर उभं राहिलं.

"तू दिलंस तिला."

"हो."

"वर्षभर शिकवत होतीस. फोनवरून."

"हो."

"लेआबाईंना मी चोर ठरवलं, करुणा. तुझी पर्स उचकली. एकदा तरी मला सांगायचंस."

तिनं सुरी खाली ठेवली. डोळे कांद्यानं लाल झाले होते, नुसते कांद्यानंच असतील असं नाही. "सांगणार होते," ती म्हणाली. "पण तू प्रार्थना केली असतीस."

त्याच दिवशी दुपारी मी लेआबाईंच्या घरी गेले. मशीन त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं, म्हणाल्या, "आधी माझं बी.पी. बघा, मग माफ करायचं का नाही ते ठरवते." वाढलेलं निघालं. माफ केलं, पण मशीन ठेवून घेतलं. अजून त्यांच्याकडेच आहे, आणि ते चुकून गेलेलं नाही, हे मी इथे छापून देते.

आता हा लेख. शोभाला फोन करून परवानगी घेतली. ती म्हणाली, "लिवा की, पण आबांचा फेटा लिवा, त्यास्नी आवडंल." मी पागोटं लिहिलंय, कारण खरं काय होतं ते सांगायचं नाही. मग मसुदा करुणापुढे ठेवला. तिनं पेन्सिल घेऊन दोन ठिकाणी खोडलं, एका ठिकाणी मुलींची संख्या बदलायला लावली. सगळं वाचून झाल्यावर कागद नीट लावून माझ्या हातात दिले. उठली नाही. पेन्सिल खाली ठेवली आणि तिनं मला एक गोष्ट सांगितली. शोभाची नव्हे. तिची स्वतःची.

मी डोळे मिटले नाहीत, आमेनही म्हटलं नाही. तिचा हात धरला आणि मटारांचं भांडं आम्हा दोघींच्या मध्ये ओढलं. संपादकसाहेब, तुम्ही शेवट चांगला आहे का म्हणून विचारलं होतंत. आहे. तो मी लिहिणार नाही.